येणं आणि देणं : कर्नल टिमथी बिगेलोच्या शोधाच्या नोंदी

१२ जानेवारी २०२५, रविवार

नातवाच्या वंशवहीचं काम आज हाती घेतलं. डावी पानं आईकडची आणि उजवी बाबाकडची, हे त्यानंच ठरवलंय. डावीकडची चिंता नाही. आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत छापलेला आहे आणि साताऱ्याहून निघताना तो मी बॅगेत घातला होता. उजवी बाजू मात्र कोरी. जावई म्हणाले, "आईला विचारा, तिच्याकडे एक डबा आहे."

दुपारी विहीणबाई डबा घेऊन आल्या. बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा, कडा गंजलेल्या. आत बाप्तिस्म्याचे दाखले, दोन फोटो आणि त्यांच्या आजीच्या हातची चार ओळींची चिठ्ठी. चिठ्ठीचा मतलब एवढाच, की आपण कर्नल टिमथी बिगेलोच्या रक्ताचे आहोत. बिगेलो हे विहीणबाईंचं माहेरचं आडनाव. कर्नल म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातला, वॉशिंग्टनच्या सैन्यातला, मॅसॅच्युसेट्समधल्या वुस्टरचा. वुस्टर आमच्या इथून गाडीनं वीस मिनिटांवर आहे.

"काय केलं त्यानं?" मी विचारलं.

"शूर होता, एवढंच आम्हाला सांगितलंय," त्या म्हणाल्या.

मी तीस वर्षं सहकारी बँकेत काढली, त्यातली शेवटची नऊ वसुली विभागात. कागद बघितल्याशिवाय पुढे सरकायचं नाही, ही सवय हाडात मुरली आहे. म्हणून नातवाला पहिल्याच दिवशी नियम घालून दिला: दोन वेगळे कागद जुळले तरच शाईनं लिहायचं, तोवर पेन्सिल.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. तिळगूळ वाटून झाल्यावर तासभर बसलो. वंशावळीच्या एका संकेतस्थळावर विहीणबाईंच्या पणजोबांपासून थेट कर्नलपर्यंत झाड तयार मिळालं. नातू खूश. पण तिथे कर्नलच्या मुलांत एक जास्तीचा मुलगा आहे आणि ह्यांची शाखा नेमकी त्याच्यापासून निघते. १८९० साली वुस्टरमध्येच छापलेल्या बिगेलो घराण्याच्या वंशग्रंथात कर्नलचे मुलगे तीनच: टिमथी, अँड्र्यू आणि रूफस. सगळं झाड पेन्सिलीत ठेवलं.

१९ जानेवारी, रविवार

घराण्याचा मूळपुरुष सापडला. जॉन बिग्लो, इंग्लंडहून आलेला, वॉटरटाउन गावात स्थायिक झालेला. १६४२ साली त्याचं मेरी वॉरनशी लग्न झालं आणि वॉटरटाउनच्या दप्तरात नोंदलेलं ते पहिलं लग्न. धंदा लोहाराचा. त्याचा मुलगा जोशुआ, जोशुआचा डॅनियल, आणि डॅनियलचा टिमथी, म्हणजे आपला कर्नल. जन्म १२ ऑगस्ट १७३९, वुस्टर. धंदा पुन्हा लोहाराचाच.

कर्नल लोहार होता हे कळल्यावर विहीणबाईंचा चेहरा जरा बदलला. त्यांच्या मनात बहुधा घोड्यावरचा, झालरीच्या कोटातला माणूस असावा. मला मात्र तिथेच तो माणूस जवळचा वाटायला लागला. गावातला लोहार म्हणजे ज्याच्याकडे सगळ्यांना यावंच लागतं. घोड्याला नाल ठोकायचा, फाळ शेवटायचा, बिजागरी करायची, कुऱ्हाडीला पाणी द्यायचं. भट्टीशी माणूस ताटकळत बसतो आणि बसला की बोलतो. सगळ्या गावाचं मन ज्याला ठाऊक, तो पुढारी होतो. शिवाय त्याचा धंदा बराचसा उधारीवर चालतो. हेही लक्षात ठेवलं.

लग्नाची गोष्ट नातवाला फार आवडली. मुलगी ॲना अँड्र्यूज, आईबाप नसलेली आणि मोठ्या मालमत्तेची वारस. तिच्या घरच्यांना लोहार पसंत नव्हता. दोघं न्यू हॅम्पशायरमधल्या हॅम्पटनला पळाली आणि १७६२ साली तिथे लग्न करून परत आली.

२८ जानेवारी, मंगळवार

लढाई शोधत होते. आधी हाती लागली ती एकही गोळी न झाडता जिंकलेली.

बोस्टनच्या बंदरात चहा बुडवल्याची शिक्षा म्हणून १७७४ साली इंग्लंडच्या पार्लमेंटनं मॅसॅच्युसेट्सची सनदच बदलली. सल्लागार मंडळ निवडून द्यायचा हक्क काढून घेतला. वर्षातून एकापेक्षा जास्त गावसभा भरवायची तर गव्हर्नरची परवानगी लागणार, आणि ज्यूरीत कोण बसणार हे राजाचा माणूस ठरवणार. इथल्या शेतकऱ्याला भीती वाटली ती कोर्टाची. कर्जापायी जमिनीची जप्ती कोर्टातूनच होते. त्या कोर्टावर आपलं काही चालणार नसेल तर जमीन गेली.

६ सप्टेंबर १७७४ ला वुस्टरमध्ये कोर्ट भरायचं होतं. त्या सकाळी आजूबाजूच्या ३७ गावांतून ४,६२२ माणसं आली. आकडा इतका नेमका आहे कारण त्या दिवशी गावागणिक डोकी मोजली होती. सगळे मुख्य रस्त्याच्या दोन्ही बाजूंना रांगा करून उभे राहिले. राजाने नेमलेले पंचवीसेक न्यायाधीश, शेरीफ, वकील टोप्या काढून त्या रांगांमधून चालले आणि आम्ही ह्या कायद्याखाली काम करणार नाही, असं लिहून दिलेलं वाचत गेले. मागे उभ्या असलेल्याला ऐकू जात नाही म्हणून पुन्हा, पुन्हा पुन्हा. कुणाला ओरखडासुद्धा आला नाही, पण त्या दिवसापासून वुस्टरवर इंग्रजी अंमल पुन्हा बसला नाही. पुढच्या महिन्यात गावाने प्रांतिक सभेवर आपला प्रतिनिधी पाठवला तो टिमथी बिगेलो. सोबत लेखी सूचना दिल्या: जुनं राज्य मोडलं असं समजा आणि नवं उभारा. स्वातंत्र्याचा जाहीरनामा यायला अजून दीड-पावणेदोन वर्षं होती.

हे शाईनं लिहिलं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

विहीणबाईंबरोबर वुस्टरच्या अमेरिकन अँटिक्वेरियन सोसायटीत गेले. १८१२ साली ही संस्था आयझाया थॉमस या छापखानेवाल्याने काढली. त्याचं लाकडी छापयंत्र अजून तिथे आहे. दारासारखी भक्कम चौकट, मधोमध जाड मळसूत्र, आणि ओढायचा एक लांब दांडा. एक माणूस खिळ्यांना शाई लावणार, दुसरा कागद ठेवून दांडा ओढणार, आणि एका वेळी कागदाची एकच बाजू.

थॉमस बोस्टनमध्ये राजाविरुद्ध छापत होता आणि त्याला पकडणार हे दिसत होतं. एप्रिल १७७५ मध्ये रात्रीच्या अंधारात छापयंत्र चार्ल्स नदीपार काढून वुस्टरला आणलं. ज्यांनी हात लावला त्यांत बिगेलो होता. ते उतरवलं त्याच्याच घराच्या तळघरात. ३ मेला तिथून निघालेल्या अंकात लेक्सिंग्टनच्या लढाईची, म्हणजे स्वातंत्र्ययुद्धाच्या पहिल्याच चकमकीची, बातमी आहे. त्या अंकाची प्रतिमा पडद्यावर बघितली. त्या काळी शब्दाच्या मधला इंग्रजी 'एस' हा 'एफ'सारखा छापत, त्यामुळे पहिल्यांदा काहीच उमजेना. मोडी शिकताना असंच व्हायचं. एक अक्षर पक्कं ओळखलं की सगळी ओळ उलगडते. अर्ध्या तासात आम्ही दोघी एकमेकींना वाचून दाखवत होतो.

११ फेब्रुवारी, मंगळवार

१९ एप्रिल १७७५. दुपारच्या आत पांढऱ्या घोड्यावरचा एक जासूद वुस्टरमध्ये शिरला, युद्ध पेटल्याचं ओरडला, आणि घोडा प्रार्थनाघरापाशी कोसळला. थोड्याच वेळात कॅप्टन बिगेलो ७७ माणसं घेऊन बोस्टनच्या वाटेला लागला. महिनोन्महिने रोज संध्याकाळी त्यानं त्यांच्याकडून कवायत करून घेतली होती.

नातवानं विचारलं, "आजी, तेव्हा डाव्या पानावर काय चाललं होतं?" शोधायला लागलं नाही. १८ मे १७७५ ला गुजरातेत अडासला हरिपंत फडक्यांची फौज राघोबादादा आणि कंपनीचा कर्नल कीटिंग यांच्याशी लढली. इकडे लेक्सिंग्टनला महिनाही पुरा झाला नव्हता. ते डाव्या पानावर गेलं.

त्याच सप्टेंबरात बिगेलो मेजर म्हणून बेनेडिक्ट अर्नोल्डच्या क्वेबेकच्या मोहिमेवर गेला. आजच्या मेन राज्यातल्या जंगलातून नदीमार्गे उत्तरेला जाऊन कॅनडावर पाठीमागून घाव घालायचा, असा बेत. साधारण अकराशे माणसं निघाली. नावा ओल्या लाकडाच्या, घाईत केलेल्या. त्या फुटल्या, पाणी झिरपलं, पीठ भिजलं, खारवलेलं मांस कुजलं. वर पावसाने नदी फुगली. बिगेलोच्या तुकडीचं अन्न सर्वांत आधी संपलं. त्याला नावा देऊन मागे पाठवलं, मागच्या एनॉसच्या तुकडीकडून रसद आण म्हणून. परत आला तेव्हा नावांत पिठाची दोन पिंपं होती. दोन. पुढे २५ ऑक्टोबरला एनॉसची तुकडी उरलेलं अन्न घेऊन माघारी फिरली.

त्याच तारखेचं बिगेलोचं बायकोला लिहिलेलं पत्र आहे. त्यातला मजकूर मी नातवासाठी मराठीत उतरवला, तो असा: तूर्त मी बरा आहे, पण आम्ही सगळेच धोक्यात आहोत. शंभरेक मैलांत मनुष्यवस्ती नाही आणि सरासरी पाच दिवसांचंच अन्न उरलंय. जे फार अशक्त आहेत, आजारी आहेत, त्यांना आज मागे पाठवतोय. पुढे फ्रेंच लोक शत्रू निघाले तर आमचं कठीण आहे, कारण आता माघारीची वाट नाही.

उतरवून झाल्यावर बराच वेळ काही लिहिलं नाही. त्या "आजारी आहेत त्यांना मागे पाठवतोय" मध्ये तो स्वतः जाऊ शकला असता. पुढे त्या माणसांनी चामड्याचे जोडे उकळून खाल्ले. कॅप्टन डिअरबॉर्नचा कुत्राही मारून खाल्ला. सेंट लॉरेन्स नदीपर्यंत पोचले ते सहाशेच्या आसपास. ३१ डिसेंबरच्या पहाटे हिमवादळात क्वेबेकवर हल्ला केला. तो फसला, सेनापती माँटगोमेरी पडला, अर्नोल्डच्या पायाला गोळी लागली आणि चारशेच्या आसपास माणसं कैद झाली. त्यांत मेजर बिगेलो.

मेनमधल्या त्या वाटेवरच्या एका डोंगराला आज बिगेलो माउंटन म्हणतात. क्वेबेकचे मनोरे दिसतात का ते बघायला तो शिखरावर चढला, अशी दंतकथा आहे. तिथे स्कीइंगचं मोठं रिसॉर्ट होणार होतं, पण १९७६ साली मेनच्या लोकांनी मतदानानं तो डोंगर राखून ठेवला. उन्हाळ्यात नातवाला न्यायचं.

१६ फेब्रुवारी, रविवार

१७७६ मध्ये कैदेतून सुटका. १ जानेवारी १७७७ पासून पंधराव्या मॅसॅच्युसेट्स रेजिमेंटचा कर्नल. साराटोगा, व्हॅली फोर्जचा हिवाळा, मनमथ, ऱ्होड आयलंड. १ जानेवारी १७८१ ला रेजिमेंट मोडली आणि तो निवृत्त झाला. हजेरीपटाशी जुळवून शाईनं लिहिलं. याच्या पुढच्या लढाया त्याच्या नावावर घातलेल्या काही ठिकाणी दिसतात. त्या घेतल्या नाहीत.

२३ फेब्रुवारी, रविवार

मृत्यूची तारीख सापडली आणि सोबत जागाही.

निवृत्त सैनिकांच्या पेन्शनच्या कागदांत खूप काही मिळतं असं सगळे सांगत होते, म्हणून तिकडे बघत होते. अर्ज करणाऱ्याला कुठे लढलो, कोणाच्या हाताखाली, घरात किती भांडी आणि किती गाई, सगळं शपथेवर सांगावं लागे. कर्नलचं त्यात काहीच नाही. असणार कसं? गरजू सैनिकांसाठीचा पेन्शनचा कायदा १८१८ चा, विधवांचा १८३६ चा. ॲना १८०९ मध्ये गेली. आणि तो स्वतः ३१ मार्च १७९० ला. वय पन्नास.

मग वुस्टरच्या तुरुंगाच्या रजिस्टरातला उतारा वाचला. टिमथी बिगेलो. आत घेतल्याची तारीख १५ फेब्रुवारी १७९०. कारण कर्ज. सुटकेच्या रकान्यात १ एप्रिलची तारीख, आणि कशाने सुटला, तर मृत्यूने.

मी तो रकाना तीनदा वाचला. नमुना छापील असतो, माणूस काहीही असो, रकाना भरावाच लागतो. मीही असे हजारो भरलेत. "खाते बंद : कर्जदार मयत." ते लिहिताना पुढची फाइल हातात आलेली असायची.

धंदा कसा बसला ते उघड आहे. सहा वर्षं माणूस घरी नाही, भट्टी थंड. पगार मिळाला तो कागदी नोटांत, आणि त्या नोटांची किंमत मार्च १७८० मध्ये खुद्द काँग्रेसनंच, म्हणजे तिथल्या मध्यवर्ती सभेनंच, चाळीसाला एक अशी धरली. घरी आल्यावर कर भरायचा तो नाण्यात, आणि नाणं कुणाकडेच नव्हतं. व्हरमाँटमधल्या माँटपेलियरची २३,०४० एकरांची सनद त्याच्या आणि इतरांच्या नावे होती, पण ते सगळं जंगल. जंगल दाखवून वुस्टरच्या दुकानदाराचं बिल भागत नाही.

आपल्याकडच्या दिवाणी कायद्यातही ऋणकोला तुरुंगात टाकायचं कलम आहे. नऊ वर्षांत मी त्याखाली एकही अर्ज केला नाही. बंद कोठडीतला माणूस हप्ता कुठून आणणार, हे सांगायला वसुलीचा अनुभवही लागत नाही. तो नवा दगडी तुरुंग १७८८ साली लिंकन स्क्वेअरला बांधला होता आणि त्याचं घरही लिंकन स्क्वेअरलाच. चौक एकच.

विहीणबाईंना अजून सांगितलेलं नाही.

२ मार्च, रविवार

रात्री झोप लागली नाही, म्हणून खातं मांडलं. जमा एका बाजूला, नावे दुसऱ्या बाजूला.

नावे बाजू छोटी आहे: सावकारांचं देणं, ज्यापायी अटक. जमा बाजू मात्र सरकारदरबारी आहे. ऑक्टोबर १७८० मध्ये काँग्रेसनं अधिकाऱ्यांना जन्मभर अर्धा पगार कबूल केला. मार्च १७८३ मध्ये ते बदलून पाच वर्षांचा पूर्ण पगार असं केलं, सहा टक्के व्याजाचे रोखे देऊन. पायदळाच्या कर्नलचा पगार महिना ७५ डॉलर. पाच वर्षांचे होतात ४,५००. म्हणजे त्या दर्जाच्या अधिकाऱ्याचं सरकारकडून नियमाने येणं तेवढं. पण रोखा म्हणजे रोकड नव्हे. व्याज द्यायलाही सरकारकडे पैसा नव्हता, म्हणून बाजारात ते रोखे डॉलरमागे दहा-पंधरा सेंटांना जायचे. गरजवंत विकायचा आणि बोस्टन-न्यूयॉर्कचा पैसेवाला घ्यायचा. ४,५०० चे हातात येणार साडेचारशे ते पावणेसातशे. उरलेलं दुसऱ्याच्या तिजोरीत.

आपल्याकडे फौजेचा पगार थकला की शिपाई सरदाराच्या दारात धरणं धरून बसत. अन्न नाही, पाणी नाही, उठणार नाही. सरदाराची तेवढी अब्रू जाई आणि कुठून तरी पैसे उभे राहात. वॉशिंग्टनच्या अधिकाऱ्यांनी मार्च १७८३ मध्ये न्यूबर्गला तसं काही करायचं मनात आणलं होतं. वॉशिंग्टन स्वतः समोर आले, पत्र वाचायला खिशातून चष्मा काढून लावला, आणि तुमच्या सेवेत माझे केस पिकले, आता दिसतही नाहीसं झालंय, अशा अर्थाचं बोलले. माणसं रडली आणि घरी गेली. नातवाला हा प्रसंग फार आवडतो. मलाही तो मोठा वाटतो, पण त्या दिवशी घरी गेलेल्यांची थकबाकी तशीच राहिली.

आता तारखा. हे दोनदा ताडून बघितलं. जानेवारी १७९० मध्ये अर्थमंत्री हॅमिल्टननं सगळं युद्धकर्ज दर्शनी किमतीनं फेडायची योजना मांडली. पैसे मिळणार रोखा आज ज्याच्या हातात आहे त्याला. ११ फेब्रुवारीला व्हर्जिनियाचा प्रतिनिधी मॅडिसन काँग्रेसमध्ये विरोधात उभा राहिला: विकत घेणाऱ्याला बाजारातला वरचा भाव द्या आणि उरलेलं ज्यानं मुळात कमावलं त्या सैनिकाला द्या. न्यूयॉर्कमध्ये ह्यावर चर्चा चालू असताना, १५ तारखेला, वुस्टरमध्ये कर्नल बिगेलोला आत टाकलं. २२ तारखेला मतदान झालं. मॅडिसनच्या बाजूने १३, विरुद्ध ३६. कर्ज फेडायचा कायदा झाला ४ ऑगस्टला, आणि कर्नल जाऊन चार महिने झाले होते.

विरोध करणारे म्हणत होते की मूळ धनी शोधायचे कसे, हात बदललेल्या कागदाचा हिशेब ठेवणार कोण. बँकेत बसलेल्याला त्यातली अडचण कळते. रोखा हस्तांतरणीय असला की धारकाला पैसे द्यायचे, हा नियम मी आयुष्यभर पाळला. तरी माझं मत तेरांच्या बाजूनं. अकराशेतले जे सहाशे उरले त्यांची नावं तरी लिहिलेली होती.

८ मार्च, शनिवार

विहीणबाईंना सांगितलं. स्वयंपाकघरात, चहा ठेवून. रजिस्टरातला उतारा पुढ्यात ठेवला.

त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "आजीला हे माहीत असणार. म्हणून ती 'शूर होता' एवढंच सांगायची." थोड्या वेळानं म्हणाल्या, "मुलाच्या वहीत हे कशाला? वुस्टरला वारला, एवढं लिहिलं तर खोटं होतं का?"

खोटं होत नाही. मीही हाच विचार करत आले होते. पण मी त्यांना माझ्या फायलींतल्या एका माणसाची गोष्ट सांगितली. नाव सांगितलं नाही. द्राक्षाच्या बागेचं कर्ज, दोन वर्षं गारपीट. जप्तीची नोटीस घेऊन मी स्वतः गेले होते. त्यांनी पाणी दिलं, सही केली, आणि दार लावताना म्हणाले, "बाई, मुलं शाळेतनं यायच्या आत जावा." कर्जाची लाज मुलांपासून लपवायची असते, आणि मग मुलांना वाटत राहातं की बापाचंच काही चुकलं. त्या माणसाचं काही चुकलं नव्हतं. कर्नलचंही नाही. न लिहिलं तर आपण त्याला दोषी धरल्यासारखं होतं.

त्या काही बोलल्या नाहीत. कप विसळून ठेवला आणि गेल्या.

१५ मार्च, शनिवार

शाखेचा निकाल लागला. विहीणबाईंचं माहेर कर्नलच्या वंशातलं नाही. छापील वंशग्रंथ आणि त्यांच्या डब्यातले बाप्तिस्म्याचे दाखले, दोन्हींवरून ते मूळपुरुष जॉनच्या दुसऱ्या मुलाकडे, सॅम्युएलकडे जातं. कर्नल निघाला जोशुआचा. म्हणजे आजोबा-पणजोबांच्या पातळीवरचे चुलत.

फोनवर सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज पडला. "मग तो आमचा कोणीच नाही?"

मी म्हटलं, आमच्याकडे ह्याला भाऊबंद म्हणतात. सात पिढ्यांच्या आतला भाऊबंद गेला तर घरात सुतक पाळतात, देवपूजा बंद, गोडधोड नाही. तो तर चौथ्या पिढीतला. आमच्या रीतीनं १७९० साली तुमच्या घरात त्याचं सुतक लागलं असतं.

त्यांनी "सुतक" शब्द दोनदा म्हणवून घेतला आणि अर्थ नातवाकडून लिहून घेतला.

२२ मार्च, शनिवार

एक तारीख वहीत घालायची राहिली होती. ५ सप्टेंबर १७८६, वुस्टरचं कोर्ट पुन्हा बंद. ह्या वेळी ते अडवलं कर्जबाजारी शेतकऱ्यांनी, आणि त्यांतले कितीतरी युद्धात लढलेले. पायऱ्यांवर त्यांच्यापुढे उभे होते न्यायाधीश आर्टेमस वॉर्ड, १७७५ साली बोस्टनच्या वेढ्यातले ह्यांचेच सेनापती. १७७४ ला बारा वर्षं झाली होती.

३१ मार्च, सोमवार

काल पाडवा. गुढी उभारली, श्रीखंड झालं. आज कर्नलची तिथी, म्हणजे तारखेनं. नातवानं शाळेतून आल्यावर शाईनं लिहिलं: "मृत्यू ३१ मार्च १७९०, वुस्टरच्या तुरुंगात. कर्जामुळे. सरकारचे त्याला देणे होते." शेवटचं वाक्य त्याचं स्वतःचं. मी फक्त 'देणे'वर मात्रा दिली.

१९ एप्रिल, शनिवार

लेक्सिंग्टनला आज अडीचशे वर्षं. सगळे तिकडे गेले होते, आम्ही वुस्टरच्या कॉमनवर, म्हणजे गावच्या जुन्या सार्वजनिक मैदानावर. नगरपालिकेच्या इमारतीमागे कर्नलचं स्मारक आहे, पांढऱ्या संगमरवराचं, चर्चच्या मनोऱ्यासारखं वर निमुळतं होत गेलेलं. हे त्याचा पणतू टिमथी बिगेलो लॉरेन्स यानं बांधलं. कर्नलचा मुलगा वकील झाला, मॅसॅच्युसेट्सच्या विधानसभेचा सभापती झाला. त्याची मुलगी गिरणीमालक ॲबट लॉरेन्सला दिली आणि हा त्यांचा मुलगा. तीन पिढ्यांत घर कुठल्या कुठे गेलं.

अनावरण १९ एप्रिल १८६१ ला झालं. त्याच दिवशी बाल्टिमोरमध्ये सहाव्या मॅसॅच्युसेट्स रेजिमेंटवर जमावानं हल्ला केला आणि तिचे चार सैनिक मारले गेले. त्या रेजिमेंटमध्ये वुस्टरची पोरं होती. इथे भाषणं चालली असताना त्यांच्या आयांना ते कळलेलंही नसणार.

नातवानं दगडावरची अक्षरं बोटानं चाचपत वाचली. पंधरावी रेजिमेंट, पणतूचं नाव, साल. विहीणबाई चौथऱ्याला वळसा घालून चारी बाजू बघून आल्या. तुरुंग कुठेच नाही, म्हणाल्या. मग पर्समधून ती आजीची चिठ्ठी काढली, उलटी केली, वही खाली धरली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला लागल्या. १५ फेब्रुवारी १७९०. ३१ मार्च १७९०. नातवानं पेन्सिल दिली होती, ती त्यांनी परत केली आणि माझ्याकडे पेन मागितलं.

राहिलेलं काम: चिठ्ठीच्या दोन्ही बाजूंचा फोटो वहीत चिकटवायचा. सॅम्युएलच्या शाखेतलं १७७५ साली लढलेलं कोणी आहे का, हजेरीपटांत बघायचं. जुलैत बिगेलो माउंटन.